जिभेवरचा पांढरा चट्टा : औषधाआधी निदान

जिभेचा एखादा भाग पांढरा दिसण्यामागे चार प्रकारची कारणे असतात. पहिल्या प्रकारात जिभेवर काहीतरी येऊन बसलेले असते : अन्नाचा साका, मृत पेशी, जिवाणू किंवा बुरशी. दुसऱ्या प्रकारात जिभेचे वरचे आवरणच जाड झालेले असते. सततच्या घासण्याने, तंबाखूने किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच आवरणावर हल्ला केल्याने. तिसऱ्या प्रकारात वरचा थर चुन्याने, गोळीने किंवा लवंगेच्या तेलाने भाजून मेलेला असतो. चौथ्या प्रकारात आवरणाखाली तंतू वाढून तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो. चारही ठिकाणी रंग पांढराच, उपचार मात्र वेगळे. काहींना औषध लागतच नाही, आणि काहींना चुकीचे औषध दिले तर खरा रोग महिनोन्‌महिने झाकला जातो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे चट्टा पुसून पाहणे. रुग्णाला चांगल्या उजेडात बसवतात, जीभ बाहेर काढायला लावतात, टोक गॉजच्या तुकड्यात धरतात आणि दुसऱ्या तुकड्याने चट्टा दाबून पुसतात. पांढरे निघून खाली गुलाबी जीभ दिसली, तर तो नुसता थर होता. निघाले पण खाली लाल, हुळहुळी, कधी पुसटसे रक्त येणारी जागा राहिली, तर बुरशी किंवा भाजल्याची शक्यता मोठी. मुळीच निघाले नाही, तर बहुधा आवरण जाड झालेले आहे आणि पुढचा तपास आवश्यक आहे. मग जीभ एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढून तिच्या कडा पाहतात, टाळूला लावायला सांगून खालची बाजू पाहतात. कडा आणि खालची बाजू समोरून दिसत नाहीत, आणि धोक्याचे चट्टे बहुधा तिथेच असतात.

हे सगळे करायला दोन-तीन मिनिटे पुरतात. जळगावातल्या ज्या दवाखान्यात प्रस्तुत लेखकाने अशाच पांढऱ्या चट्ट्यासाठी पहिल्यांदा जीभ दाखवली, तिथे ती टेबलापलीकडूनच, मोबाइलच्या उजेडात पाहिली गेली. गॉज नाही, हातमोजे नाहीत, जीभ बाजूला ओढणेही नाही. ‘उष्णता झालीय, थोडी बुरशीही आहे’ एवढे म्हणून तोंडात लावायचे बुरशीनाशक, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि प्रतिजैविकांचा एक कोर्स लिहून दिला गेला. बुरशी समजून प्रतिजैविक देणे हे तर उलटेच काम आहे. प्रतिजैविकाने तोंडातले जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

उष्णतेचे कारण खान्देशात सर्रास दिले जाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा तोंड कोरडे पडते, लाळ कमी होते आणि जिभेवर पांढरट थर साचतो, इतपत ते खरेही आहे. तापात, उपवासात, तोंडाने श्वास घेणाऱ्यांत आणि जीभ साफ न करणाऱ्यांत हाच थर दिसतो. पण तो जिभेच्या पाठीवर सगळीकडे पसरलेला असतो, पुसला जातो आणि पाणी, चूळ व जीभ घासणे यांनी काही दिवसांत कमी होतो. एकाच कडेला, एकाच जागी, ठरावीक आकारात राहणाऱ्या चट्ट्याला उष्णता म्हणता येत नाही. जिभेच्या मागच्या भागात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रांगेत असलेले मोठे उंचवटे आणि मागच्या कडांवरच्या उभ्या घड्या हे मात्र जिभेचे मूळचे अवयव आहेत. आरशात पहिल्यांदा दिसले की लोक घाबरतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

पुसल्यावर निघणाऱ्या चट्ट्यांत बुरशीचा संसर्ग सर्वांत जास्त आढळतो. कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसांच्या तोंडातही असते. शरीराचा किंवा तोंडाचा तोल बिघडला की ती वाढते आणि नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखे ठिपके दिसू लागतात. तान्ह्या बाळांत ती दिसते. मोठ्यांत दिसली तर ती का आली हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मधुमेह ताब्यात नसणे, कवळी रात्रीही तोंडात ठेवणे, नुकताच झालेला प्रतिजैविकांचा कोर्स, कर्करोगावरची औषधे किंवा किरणोपचार, लाळ कमी होणे, एचआयव्ही आणि दम्याचा स्टिरॉइडचा पंप ही तिची मुख्य कारणे. पंप घेणाऱ्याने प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून पाणी थुंकले आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, वापरला, तर त्रास बराच टळतो. हे औषधाच्या दुकानात पंप देताना कोणी सांगत नाही. बुरशीमागे मधुमेह तर नाही ना, हेही पाहावे लागते : उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह धरला जातो. अनेकांचा मधुमेह असा तोंडातून कळतो. शंका असेल तर चट्ट्याचा पुसलेला अंश काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे तिथे दिसतात. निदान पक्के असेल तर निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल यांनी एक-दोन आठवड्यांत फरक पडायला हवा. पडला नाही, तर तेच औषध पुन्हा लिहिण्याऐवजी निदानच पुन्हा तपासायचे असते.

लेखकाच्या बाबतीत फरक पडला नाही. तेव्हा तेच औषध पुन्हा लिहिले गेले, आणि त्यानंतर वर स्टिरॉइडची पेस्ट आली. बुरशी आहे असे खरोखर वाटत असेल तर ही पेस्ट तिला खतपाणी घालते. नसेल तर आधीची सगळी औषधे फुकट. दोन्हींपैकी काय खरे, याचे उत्तर चिठ्ठीवर कुठेच नव्हते.

पुसून न निघणाऱ्या चट्ट्यांचे प्रकार अधिक आहेत आणि त्यांना वेळ देऊन पाहावे लागते. तुटलेल्या दाढेची धार, वाकडा दात किंवा सैल कवळी जिभेला सतत घासत असेल, तर हाताला घट्टा पडावा तसे आवरण जाड होते. असा चट्टा बरोबर त्या दातासमोर असतो आणि धार घासून गुळगुळीत केल्यावर ओसरतो. नकाशासारखी जीभ हा निरुपद्रवी प्रकार आहे : मध्ये लाल गुळगुळीत भाग, भोवती पांढरी किनार, आणि आज इथे असलेला चट्टा आठवड्याभराने दुसरीकडे सरकलेला. तिखट झोंबले तर जपायचे, बाकी उपचार नाही. लायकेन प्लॅनस या विकारात प्रतिकारशक्ती आवरणावर उलटते. पांढऱ्या रेषांची जाळी बहुधा दोन्ही गालांच्या आत आणि जिभेवर दिसते, मध्यमवयीन स्त्रियांत तो अधिक आढळतो. ज्या घरात ठेचा आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी नित्याची, तिथे त्याची आग जेवताना लगेच जाणवते. त्यातला अगदी थोडा भाग पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी लागते.

अगदी लायकेन प्लॅनससारखाच दिसणारा चट्टा औषधांनी किंवा दातात भरलेल्या धातूने येऊ शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काही वेदनाशामके, मधुमेहाच्या काही गोळ्या यांची नोंद या संदर्भात झालेली आहे. संशय आला म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून बदलायच्या असतात. दाढेत जी ‘चांदी’ भरतात तिच्यात चांदी, कथील, तांबे असते आणि जवळजवळ निम्मा पारा. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. काहींच्या आवरणाला मात्र ती सोसत नाही आणि भरलेल्या दाढेला जिथे जीभ टेकते, नेमका तेवढाच भाग पांढरा पडतो.

कडांवर उभ्या सुरकुत्यांसारखे पांढरे पट्टे येणे हा एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणारा प्रकार असून तो एचआयव्ही बाधितांत जास्त दिसतो; तो आढळल्यास रक्ततपासणी हवीच, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत व गुप्तपणे होते. उपदंशाच्या दुसऱ्या टप्प्यातही तोंडात पांढरे चट्टे उठतात. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांत तोंडाचे आतले आवरण फिकट, ताठ, संगमरवरासारखे होते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत या विकाराचे पहिले वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी भारतात त्याची नोंद केली. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या दातांत जात नसतील, तर हा विकार सुरू झाल्याची शंका घ्यावी.

उरतो तो ल्युकोप्लाकिया. जो पांढरा चट्टा पुसून निघत नाही आणि ज्याला वरीलपैकी कोणताही विकार म्हणता येत नाही, त्याला हे नाव देतात. म्हणजे बाकी सगळे वगळल्यावरच ते द्यायचे असते. असे बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत. काही बदलतात, आणि कोणते बदलतील हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. जिभेची कड, तिची खालची बाजू आणि तोंडाचा तळ या जागा अधिक धोक्याच्या. एकसारख्या सपाट पांढऱ्या चट्ट्यापेक्षा मध्ये लाल ठिपके असलेला, खडबडीत किंवा चामखिळीसारखा चट्टा अधिक धोक्याचा.

इथे व्यसनांची चौकशी येते, आणि ती झालीच पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांच्या गटाने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासून १९७२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून तंबाखू आणि तोंडातले असे विकार यांचा संबंध या राज्यात तरी नवा राहिलेला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी शिरपूर-पळासनेरच्या महामार्गावर गुटख्याची वाहने पकडल्याच्या बातम्या वाचकांना पाठ झाल्या आहेत. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुखाच्या कर्करोगाने निधन झाले. डॉक्टरांच्या मनात पहिला संशय तंबाखूचा येणे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

संशय येणे वेगळे आणि तो निदान म्हणून कागदावर लिहिणे वेगळे. दुसऱ्या, नावाजलेल्या ठिकाणी लेखकाला विचारला गेलेला पहिला आणि शेवटचा प्रश्न असा होता : ‘काका, किती वर्षांपासून खाता?’ आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात टाकलेले नाही, असे उत्तर दिल्यावर डॉक्टर हसले. ‘इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. घरच्यांसमोर सांगायला लाजू नका.’ शेजारी सून बसलेली होती. चिठ्ठीवर तंबाखूचे व्यसन असल्याची नोंद झाली, खाली ‘कॅन्सरची शक्यता’ असे लिहिले गेले, आणि लगेच पुढच्या रुग्णाला हाक गेली. गॉज याही ठिकाणी निघाला नाही. पुढे जिथे जिथे तो कागद दाखवला, तिथे तिथे ती नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली गेली. शाळेत तंबाखूविरोधी दिनाची प्रतिज्ञा वर्षानुवर्षे म्हणवून घेतलेल्या शिक्षकाच्या कागदपत्रांत तंबाखूचे व्यसन अशा रीतीने कायमचे जमा झाले.

यात अपमानापेक्षा मोठा दोष वैद्यकीय आहे. ज्याला कोणतेही व्यसन नाही अशा माणसाच्या जिभेवरचा ल्युकोप्लाकिया कर्करोगात बदलण्याची शक्यता व्यसनी माणसापेक्षा जास्त असते, असे अभ्यासांत आढळलेले आहे. त्यामुळे ‘खात नाही’ हे उत्तर खोटे ठरवणे चूक, आणि ‘खात नाही ना, मग काही नाही’ म्हणून घरी पाठवणेही तितकेच चूक. व्यसन असेल तर चौकशीलाही शिस्त हवी : तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा, कोरी सुपारी, बिडी यांपैकी काय, दिवसातून किती वेळा, आणि बार कोणत्या बाजूला धरला जातो. चट्टा त्याच बाजूला असेल तर संबंध जुळतो. मिसरीचे बायकांना विचारले जात नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत. दात घासण्याची पूड म्हणून ती व्यसनात मोजलीच जात नाही.

लेखकाचे निदान शेवटी एका तरुण दंतवैद्य बाईंनी केले. त्यांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि आधी जीभ गॉजने धरली. चट्टा पुसला; निघाला नाही. जीभ उजवीकडे ओढून डावी कड उघडी केली, मग हळूच सोडून दिली आणि ती कुठे टेकते ते पाहिले. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. नंतर हातात आरसा देऊन त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्हीच बघा.’ खालच्या डाव्या दाढेत फार वर्षांपूर्वी भरलेली, आता काळी पडलेली चांदी होती. जीभ स्वस्थ पडली की चट्टा त्या चांदीवर अचूक बसत होता. वर नाही, खाली नाही. उजव्या बाजूला, जिथे चांदी नव्हती, तिथे जीभ स्वच्छ होती. इतके दिवस इतक्या जणांनी जे पाहिले नव्हते ते एका आरशात दिसत होते. बाईंनी चांदीला दोषी ठरवण्याची घाई केली नाही हे विशेष. जिभेच्या कडेचा चट्टा आहे म्हणून आधी तुकडा तपासायला पाठवला. अहवालात पेशींत धोक्याचा बदल नव्हता, चित्र लायकेनसदृश प्रतिक्रियेचे होते. चांदी काढून दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरल्यावर चट्टा काही महिन्यांत ओसरला. ‘कॅन्सरची शक्यता’ लिहिणाऱ्यांना अहवालाची प्रत नेऊन दाखवली, तेव्हा ‘सावधगिरी घेतलेली बरी’ एवढेच उत्तर मिळाले. सावधगिरी घ्यायची होती तर तुकडा त्यांनीच तपासायला हवा होता.

तुकडा तपासण्याचा, म्हणजे बायोप्सीचा नियम सोपा आहे. संभाव्य कारण दूर करायचे : धार घासायची, तंबाखू सोडायची, कवळी नीट करायची, बुरशी दिसली असेल तर तिचा उपचार करायचा. मग दोन आठवडे वाट पाहायची. तेवढ्यात चट्टा स्पष्टपणे ओसरू लागला नाही, तर तुकडा काढायचा. चट्टा लाल-पांढरा, कडक, खडबडीत किंवा जखम झालेला असेल तर दोन आठवडेही थांबायचे नाही. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा काढतात, फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवतात, एखाद-दुसरा टाका पडतो. हत्यार लागले की कॅन्सर चवताळतो, ही समजूत गावोगाव ऐकू येते. तिला आधार नाही. उशीर मात्र खरोखर घातक असतो. अहवालात डिस्प्लासिया, म्हणजे पेशींतला धोक्याचा बदल, हा शब्द आहे का आणि सौम्य, मध्यम की तीव्र, हे विचारून घ्यावे. डिस्प्लासिया नसला तरी ल्युकोप्लाकिया असल्यास तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. बुरशीचा एक प्रकार असाही आहे जो पुसून निघत नाही. तोही तुकड्यातच कळतो.

कोणाकडे जावे, याचे उत्तर : दंतवैद्य, शक्यतो मुखनिदान शाखेचे, किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, शिवाय खासगी दंत महाविद्यालय आहे. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढचे उपचार लागल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे.

रुग्णाने स्वतः करायच्या गोष्टी थोड्या आहेत. जायच्या दिवशी तोंडात जांभळे औषध, हळद, कात किंवा बोरोग्लिसरीन लावून जाऊ नये; रंगाखाली चट्टा दिसत नाही. नखाने किंवा जीभ घासणीने तो खरवडू नये. दर आठवड्याला एकाच जागी, दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढावा. वाढला की आहे तसाच आहे, हा वाद मग उरत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, पंप आणि कवळी बरोबर न्यावी. कोणत्या दाढेत काय आणि साधारण कधी भरले ते सांगावे, कारण विचारले जाणार नाही. कागदावर चुकीची नोंद दिसली तर तिथेच उभे राहून ती दुरुस्त करून घ्यावी. लाज धरून घरी आणलेली नोंद नंतर निघत नाही. दात दोन वेळा घासावेत, पाणी भरपूर प्यावे, पालेभाज्या खाव्यात. हे सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे.

जिभेच्या कडेला पांढरा चट्टा असून गिळताना दुखत असेल, जीभ जड वाटत असेल, बोलणे बदलले असेल, कानात कळ येत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा जखम भरत नसेल, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञ गाठावा. इतर कोणताही चट्टा दोन आठवड्यांनंतर टिकून असेल तर तंबाखू खात असा वा नसा, डॉक्टरांना तो पुसून आणि जीभ ओढून पाहायला सांगा. तसे सांगणे हा उद्धटपणा नाही. त्यावर जे रागावतील आणि जिभेला हात न लावताच औषध लिहितील, त्यांची चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नका. दुसरा डॉक्टर शोधा.